मास्तरांचं पीस आणि माझा निगेटिव्ह कागद

मास्तर, सापडला! आधी हे सांगतो, मग रडायचं ते रडतो. चट्टा सापडला, माणूस सरकारी दवाखान्यात गेला, आज सकाळी त्यानं नर्सबाईंसमोर गोळ्यांचा पहिला डोस गिळला, आणि डॉक्टरबाई त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वेळेत आलात." एवढंच ऐकलं आणि मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन फोन काढला. तुमचं नाव काढलं. लावणार, तेवढ्यात आठवलं. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले.

फोन तसाच धरून उभा राहिलो. आनंद एवढा की सांगायला माणूस पाहिजे, आणि ज्या माणसाला सांगायचं तोच नाही. म्हणून हे लिहितोय.

तसं लिहायचं कारण आणखी एक आहे. तुमच्या लेकीचा, सुनंदाताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "परमेश्वर, दादांच्या तेराव्याला भाषणं नकोत. त्यांच्या माणसांनी लिहिलेलं वाचणार आहोत. तू पाठव." मी म्हणालो, "ताई, मी आठवीतून पळालेला माणूस, मी काय लिहिणार?" तर म्हणाल्या, "जसा बोलतोस तसं लिही." सुट्टी मिळाली नाही, गुजरातेतल्या मोरबीहून पाटोदा जवळ नाही, म्हणून माझ्या जागी हा कागद येतोय. तुमचा जन्म, नोकरी, बदल्या ते ताई सांगतील. मला एवढंच सांगता येतं, की कुष्ठरोगाच्या सरकारी खात्यात तुम्ही जन्मभर सायकल हाणली, शाळेत एक तास शिकवलं नाही तरी पाटोद्याच्या डोंगरातली गावं तुम्हाला डागमास्तर म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावरही तुमच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कोंबडीचं पीस खोवलेलं असायचं.

आपली पहिली भेट त्या पिसामुळेच झाली. आठवतं का? आमची मेंढरं कातरायला घेतलेली. मी वीस-एकवीस वर्षांचा, नराला मांडीखाली दाबून बसलेलो, बाह्या वर. तुम्ही सायकल लावून पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. तुम्ही पाणी पिताना माझ्याकडंच बघत होता. मग म्हणालात, "नाव काय रे?"

"परमेश्वर."

"परमेश्वराला कुठं चट्टा असतो का बे? बघू ते कोपर."

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट डाग होता. मला वाटायचं उन्हानं झालाय. तुम्ही बाजेवर बसवलं, गप्पा सुरू केल्या. शाळा कावून सोडली, विचारलंत. मी हसत हसत सांगितलं, की आठवीत कॉपी करताना सरांनी धरलं, सगळ्या वर्गापुढं बाकावर उभं केलं, माझ्या हातातली चिठ्ठी मलाच मोठ्यानं वाचायला लावली. पोरी हसल्या. दुसऱ्या दिवशी मी दप्तर टाकून मेंढरांमागं गेलतो, तो गेलतोच. मी हसत होतो, तुम्ही हसला नाहीत. खिशातून पीस काढलंत.

मला गंमत वाटली. म्हणालो, "मास्तर, आमच्याकडं मोर लई हायेत, चांगलं मोराचं पीस देतो की तुमाला."

"मोराचं शोभेला. कामाला कोंबडीचंच."

मग सांगितलंत, की डोळे मीट. पीस जिथं लागंल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव. न्हाई लागलं तर ठेवू नको. बास.

मास्तर, आता ऐका. हे मी तुम्हाला जिवंतपणी कधीच सांगितलं नाही, आईला नाही, बायकोला नाही. त्या दिवशी मी डोळे मिटलेच नव्हते. पापण्यांमधून फट ठेवली होती. तुम्ही मनगटावर पीस लावलं, कळलं. दंडावर लावलं, कळलं. चट्ट्यावर लावलं आणि काहीच कळलं नाही. पीस टेकलेलं दिसत होतं, लागत नव्हतं. आणि मी फटीतून बघून बरोब्बर त्या जागी बोट ठेवलं. परत लावलं, परत ठेवलं. दहाला दहा. मला वाटलं परीक्षा आहे आणि मला पास व्हायचंय.

तुम्ही पीस खिशात ठेवलंत. म्हणालात, "बरं. आठ दिवसांनी ये घरी. परत बघू."

"पास झालो की, मास्तर!"

"झालास. तरी ये."

मी कशाला येतोय! पण भीती आत बसली. मावसभाऊ म्हणाला, आता कुणी पिसानं बघतं का, रक्ताची तपासणी असती, मशीनमधी सगळं कळतं. आम्ही बीडला एका लॅबमध्ये रक्त दिलं. तिथून ते कुठं मोठ्या शहरात गेलं. चार दिवसांनी छापील कागद आला. कुष्ठरोग, अँटीबॉडी, आणि पुढं जाड अक्षरात निगेटिव्ह. मास्तर, त्या कागदाला मी प्लास्टिकचं पाकीट घातलं होतं. पाटोद्याच्या बाजारात भेटेल त्याला दाखवायचो. कुणी विचारलेलं नसायचं, तरी दाखवायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी छापील कागदावर पास झालो होतो!

तुमचा पहिला निरोप आला, मी कागद पाठवला. दुसरा आला, मी म्हणालो मेंढरं लांब गेलीत. तिसरा निरोप तर तुम्ही बाजारात आईकडंच दिलात. "पोराला म्हणावं, कागद घरी ठेव आन् हात घेऊन ये." आई घरी येऊन ओरडली. मी तिलाही कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी दाखवला.

पाच-सहा महिने गेले असतील. रानात आम्ही कणसं भाजत होतो. मी डाव्या हातानं कणीस फिरवत बसलो होतो, बोलण्याच्या नादात. मावसभाऊ एकदम ओरडला, "परम्या, हात!" माझी करंगळी निखाऱ्यावर टेकलेली होती. कातडी फुगली होती. वास येत होता. आणि मला काही, काहीच होत नव्हतं. मी करंगळीकडं दुसऱ्या कुणाची असल्यासारखं बघत राहिलो.

आईनं त्याच पावली मला तुमच्या दारात आणलं. तुम्ही जेवत होता. ताट बाजूला सारलंत. तुम्ही मला आतल्या खोलीत नेलंत, जिथं तुमच्या ज्वारीच्या कणग्या होत्या. खाली बसवलंत. खिशातलं पीस काढलंत, मग डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोळ्यांवर ठेवलीत आणि म्हणालात, "ऊन लई हाय, डोळं दुखतील तुझं. राहू दे टोपी." तुमच्या टोपीला तेलाचा आणि गोळ्यांच्या पेटीचा वास होता. अंधारात मी बसून राहिलो. मनगटावर लागलं, दंडावर लागलं, मग बराच वेळ काही लागलंच नाही. मला वाटलं तुम्ही थांबलात. तुम्ही थांबला नव्हतात.

मग कोपराच्या मागं, हाडाजवळ, तुम्ही बोटानं चाचपलंत आणि मी कळवळलो. "ही शीर बघ, दोरीसारखी झालीय," तुम्ही आईचा हात धरून तिथं लावलात. आई रडायला लागली. मी कागद काढला. खिशातच होता, पाकिटासकट.

"मास्तर, पण हितं निगेटिव्ह लिहिलंय!"

तुम्ही कागद हातात घेतलात, सगळा वाचलात, व्यवस्थित घडी घातलीत आणि मला परत दिलात. फाडला नाहीत. मला फार वाटलं होतं की तुम्ही फाडाल.

म्हणालात, "खोटा न्हाई बे हा कागद. पण त्याला विचारलंय काय, ते बघ. तुज्या वाघरीत कुत्री किती?"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हे वाचणाऱ्या शहरातल्या पाहुण्यांसाठी. मी म्हणालो, "तीन."

"लांडगं कळपानं आलं तर?"

"भुंकून गाव उठवत्यात."

"आन् एकटाच लांडगा, चोरपावलानं, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आला तर?"

"कधी कधी न्हाई भुंकत."

"मंग सकाळी काय करतू? कुत्र्यांला विचारतू का मेंढरं मोजतू?"

"मोजतो."

"ती अँटीबॉडी म्हंजे रगतातली कुत्री. ज्याच्या अंगात जंतू लई, त्याची कुत्री बहुतेक भुंकत्यात. तुज्यासारख्याच्या अंगात जंतू थोडं, एखादाच चट्टा. तिथं कुत्री बहुतेक झोपलेली. आन् आमाला तर थोडं जंतू असतानाच धरायचंय! म्हणून कातडी मोजायची. पीस लावायचं, शीर चाचपायची. कळलं?"

कळलं, मास्तर. असं कुणी आठवीत शिकवलं असतं तर कदाचित दहावी केली असती.

पुढं तुम्हीच दवाखान्यात सोबत आलात. डॉक्टरांनी पक्कं केलं, गोळ्यांची पाकिटं दिली, शिरेची सूज उतरायला वेगळं औषध दिलं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नको, औषधाचा रंग हाय, हे तुम्ही सांगायला विसरला होता. मी रानातून पळत तुमच्या घरी आलो, "मास्तर, रगात!" तुमच्या हसण्यानं कोंबड्या उडाल्या. नंतर म्हणालात, माझंच चुकलं बे, आधी सांगायला पायजे होतं. माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल करणारा पहिला मोठा माणूस तुम्ही.

आणि आईचं! ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मावसभावानं तुम्हाला न विचारता आईचंही रक्त लॅबला पाठवलं. तिचं आलं पॉझिटिव्ह. ज्याला रोग त्याचा कागद स्वच्छ, आणि जिच्या अंगावर एक ठिपका नाही तिच्या कागदावर रोग! आईनं आपलं ताट वेगळं केलं. वाटी वेगळी, तांब्या वेगळा. चुलीपाशी यायची बंद झाली. तुम्ही गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना घेऊन आलात. ताईंनी आत नेऊन डोक्यापासून तळपायापर्यंत सगळं तपासलं. काही नाही. एक डाग नाही, एक शीर जाड नाही. बाहेर येऊन तुम्ही आईसमोर बसलात.

"माय, लांडगा बांधावरून गेला तरी कुत्री भुंकत्यात. आत शिरलाच असं न्हाई. लेकाच्या संगं राहून तुज्या रगतानं त्याला वळखलंय, एवढंच. तुला रोग न्हाई. दरसाली आशाताई बघतील. आन् भूक लागलीय, जेवायला वाढ."

आई उठेना. तुम्ही स्वतः जाऊन तिचं ते वेगळं काढलेलं ताट आणलंत आणि पुढं धरलंत. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला. पहिला घास घेऊन तुम्ही तोंड वाकडं केलंत. आई घाबरली.

"काय झालं, मास्तर?"

"मीठ कमी हाय."

मास्तर, आई अजून ही गोष्ट सांगते आणि मीठ कमी नव्हतं म्हणून भांडते.

मी बरा झालो. चट्टा गेला. डाव्या हाताची करंगळी तेवढी किंचित वाकडी राहिली. त्या पाच-सहा महिन्यांची ती खूण. तुम्ही कधी तिच्याकडं बोट दाखवून काही बोलला नाहीत. मीच ती झाकायचो.

मग लग्न झालं, मेंढरं विकली, मी इकडं मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात आलो. भट्टीतून निघालेली लादी वाजवून बघायची, तडा असला तर बाजूला काढायची. रविवारी तुम्हाला फोन. आणि दर रविवारी आपलं तेच भांडण! मी म्हणायचो, "मास्तर, दोन्हीकडून चुकती ती तपासणी. बंद करून टाकायला पायजे." तुम्ही म्हणायचात, "बंद कावून? कोणत्या भागात लांडगं फिरत्यात ते हुडकणाऱ्या लोकांला उपेगाची हाय. फक्त एकट्या कागदावर माणसाला सोडायचं न्हाई, आन् धरायचं बी न्हाई." मी मुद्दाम टोचायचो, "एक दिवस असं मशीन येईल की तुमचं पीस कोंबडीला परत द्यावं लागंल." शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "येऊ दे की! एक थेंब रगतात खरं कळणार असंल तर मला किती आनंद व्हईल. बाया-माणसांला अंग उघडं करावं लागणार न्हाई. फक्त तवर..." आणि खोकला आला. ताईंनी फोन घेतला, म्हणाल्या, दादा दमलेत. ते "फक्त तवर" तिथंच राहिलं. नऊ दिवस मी ते वाक्य पुरं करतोय.

आता त्या माणसाचं सांगतो. त्याला मी विलास म्हणतो, खरं नाव वेगळं आहे, त्यानं लिहायला हो म्हटलंय. माझ्या खोलीतला, आपल्याच बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडचा. धरणाखालचा ऊसवाला, आम्हा डोंगराकडच्यांना कोरडे म्हणून चिडवणारा. घरी बायको, दोन लेकरं. गेल्या महिन्यापासून त्याच्या हातून लाद्या पडायला लागल्या. मुकादम ओरडायचा, तो हसण्यावारी न्यायचा. मी एकदा बघितलं, मनगटाच्या वर फिकट डाग. माझ्या हातातली लादी खाली आली.

"दवाखान्यात चल," मी म्हणालो.

"आरं, गेलतो की!" तो म्हणाला आणि उशीखालून काय काढलं असेल? कागद. रक्त, अँटीबॉडी, निगेटिव्ह. गाठिया फरसाणाची पुडी फोडून त्यानं सगळ्या खोलीला खायला घातली. मी माझीच गंमत बघत होतो.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. दोन दिवस मी कामावर होतो पण नव्हतो. मला भीती वाटत होती. आता विचारायचं कुणाला? मला काय कळतं? उगीच चांगल्या माणसाला रोगी म्हणालो तर? आणि नाही म्हणालो आणि त्याच्या बोटांचं काही झालं तर? रविवारी दुपारी मी चाळीमागं गेलो. कुणाची तरी कोंबडी फिरत होती. मास्तर, चाळीस जण बघत असताना मी त्या कोंबडीमागं पळालो! पीस घेऊनच आलो.

विलास खाटेवर पालथा पडला होता. म्हणाला, "मेंढक्या, डॉक्टर कधी झालास बे?"

"आज झालो. उठ."

"पिसानं? आन् मशीनचा कागद काय झक मारतू का?"

"कागद खोटा न्हाई. त्याला विचारलंय काय ते बघ," मी म्हणालो. तुमचंच वाक्य तोंडातून आलं. मी पीस पुढं केलं. "डोळे मीट. लागंल तिथं बोट ठेव."

मनगटावर लावलं, ठेवलं. दंडावर, ठेवलं. चट्ट्यावर लावलं, बरोब्बर ठेवलं. परत, बरोब्बर. तो हसला, "बघ! पास!" माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात मी त्याच्या पापण्यांकडं बघितलं. त्या फडफडत होत्या. खाली बारीक फट होती. माझ्यासारखीच.

मला ओरडायचं होतं. चोरा, बघतोस! खोलीत आणखी चौघं होते, सगळे हसले असते. मग विलासनं अंगावर शर्ट चढवला असता, कागद खिशात घातला असता आणि माझ्याशी कधी बोलला नसता. मला ते बाकावरचं उभं राहणं आठवलं. मी खांद्यावरचा पंचा काढला, त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि म्हणालो, "पंख्याची धूळ जाईल डोळ्यात. राहू दे."

पुन्हा पीस लावलं. मनगट, बोट आलं. दंड, आलं. चट्टा. नाही आलं. परत चट्टा. नाही. विलास पंच्याखाली म्हणाला, "लाव की बे, थांबलास कशाला?"

"लावलंय, विलास."

बराच वेळ तो पंचा काढेना. मग हळूच म्हणाला, "घरी कळलं तर?"

"मी सांगतो घरी. मला झालतं. हे बघ." आणि जी करंगळी मी सात वर्षं झाकली, ती त्याच्या हातात दिली.

बाकीचं वर सांगितलंच. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याचा कागद बाजूला ठेवून कातडी बघितली, कोपरामागची शीर चाचपली, दोन्ही हातांची बोटं ताणून जोर बघितला. नव्यानं कमी झालेला जोर औषधानं परत यायची बरीच आशा असते, म्हणाल्या. दिंद्रुडच्या आशाताई त्याच्या बायको-लेकरांना तपासायला जाणार आहेत. लाल लघवीचं मी त्याला आधीच सांगितलंय, मास्तर. तुमची तेवढी चूक मी दुरुस्त केली.

आत्ता दवाखान्यातून परत येताना विलासनं विचारलं, "परम्या, त्या दिवशी पंखा तर बंद होता. लाइट गेलती. धूळ कावून म्हणालास?"

मी रस्त्यातच थांबलो. सात वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. तुमच्या घरातली ती आतली खोली, ज्वारीच्या कणग्या, एक बारकी खिडकी, तीही पोत्यानं झाकलेली.

मास्तर, त्या खोलीत ऊन नव्हतं.